आद्याक्षरांच्या आड

शालेय प्रश्नमंजूषेत एक फेरी हमखास असते. लघुरूप द्यायचे आणि त्याचा विस्तार विचारायचा. मुले तिला 'फुल फॉर्मची फेरी' म्हणतात. रडार, सोनार, लेसर, स्कूबा हे तिथले ठरलेले पाहुणे. काही वर्षांपूर्वी अशा एका फेरीला मी परीक्षक म्हणून बसलो होतो. नववीतल्या एका मुलीने 'स्कूबा'चा विस्तार न अडखळता सांगितला : 'सेल्फ-कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग ॲपरेटस', म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण उपकरण. तिला पूर्ण गुण मिळाले. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, हे नाव ठेवलं कुणी? आणि इतकं लांबलचक कशाला ठेवलं?" मला उत्तर येत नव्हते, आणि मी तसे तिला सांगितले.

पुढे त्या उत्तराच्या शोधात बरेच वाचले. त्यातून एक गोष्ट पटली. युद्धातल्या, विशेषतः छुप्या कारवायांतल्या, लघुरूपाचा विस्तार पाठ असणे वेगळे आणि त्याचा अर्थ कळणे वेगळे. काही वेळा तर विस्तार हीच मुद्दाम मारलेली थाप असते.

आधी स्कूबाचे बघू. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर 'स्कूबा डायव्हिंग'च्या पाट्या दिसतात. आज हा शब्द सहलीचा आहे. त्याची जन्मकथा मात्र युद्धातली आहे. ख्रिश्चन लॅम्बर्टसन हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत होता. त्याने एक श्वसनयंत्र बनवले. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषून घ्यायचा, त्यात ऑक्सिजनची भर घालायची आणि तोच वायू पुन्हा श्वासात घ्यायचा, अशी त्याची रचना होती. याचा मोठा फायदा म्हणजे पाण्यावर बुडबुडे येत नाहीत. शत्रूच्या बंदरात रात्री पोहत शिरणाऱ्याला बुडबुड्यासारखा दुसरा चहाडखोर नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची गुप्त संघटना ओ.एस.एस., म्हणजे 'ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस', हिने हे यंत्र उचलले आणि लॅम्बर्टसनलाही आपल्यात घेतले. तेव्हा त्या यंत्राचे नाव 'लारू' असे होते. 'स्कूबा' हे नाव त्याने १९५२ साली सुचवले.

आता गंमत पाहा. मालवणात पर्यटकाच्या पाठीवर जी टाकी बांधतात, तिच्यातून बुडबुडे भरपूर येतात. ते यंत्र लॅम्बर्टसनचे नव्हेच. त्याचे मूळ १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गाग्नाँ यांनी केलेल्या उपकरणात आहे. शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरपेक्षा खोल पाण्यात विषारी ठरू लागतो. म्हणून लॅम्बर्टसनचे यंत्र उथळ पाण्यातल्या चोरट्या कामाला ठीक, सहलीला नाही. शब्द एका यंत्राचा आणि वस्तू दुसऱ्या यंत्राची, अशी ही जोडी जमली. विस्तार पाठ केल्याने यातले काहीच कळत नाही.

आपल्या ओळखीचे एक लघुरूप घ्या : तानापिहिनिपाजा. ते उलगडले की इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने बाहेर येतात, एकही कमी नाही की जास्त नाही. शाळेत आपण लघुरूपांकडे याच नजरेने बघायला शिकतो. ती पेटी आहे, किल्ली लावली की आतला ऐवज हाती येतो. लष्करी पेटीत ऐवज असेलच, असे नाही. नॉर्मंडीच्या आक्रमणामुळे जगप्रसिद्ध झालेल्या 'डी-डे'मधल्या 'डी'चा अर्थ काय? मुले 'डिसिजन'पासून 'डेथ'पर्यंत काहीही सांगतात. खरे तर तो 'डे'चाच 'डी' आहे. दिवसाचा दिवस. तारीख ठरलेली नसताना किंवा सांगायची नसताना योजना आखता यावी, एवढ्यासाठी ती जागा रिकामी ठेवलेली. बीजगणितातला 'क्ष' म्हणा. अमेरिकी सैन्याच्या १९१८ सालच्या आदेशातही तो सापडतो.

रिकामी पेटी एक वेळ परवडली. आत खोटा ऐवज भरलेली पेटी जास्त फसवते. पाण्याखाली ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधण्याच्या यंत्रणेला ब्रिटिश नौदल 'ॲस्डिक' म्हणत असे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात फ्रान्समध्ये पॉल लाँजव्हँ आणि इंग्लंडमध्ये रदरफर्डचा कॅनडियन शिष्य रॉबर्ट बॉइल यांनी क्वार्ट्झ स्फटिकाच्या दाबविद्युत गुणधर्माचा उपयोग करून श्राव्यातीत ध्वनी निर्माण केला. काम इतके गुप्त होते की साध्या क्वार्ट्झलाही 'ॲस्डिव्हाइट' असे टोपणनाव दिले गेले. पुढे १९३९ साली 'ॲस्डिक' हा शब्द लोकांच्या कानावर पडू लागला, तेव्हा ऑक्सफर्डच्या शब्दकोशकारांनी नौदल खात्याकडे त्याची व्युत्पत्ती विचारली. खात्याने उत्तर दिले : 'अलाइड सबमरीन डिटेक्शन इन्व्हेस्टिगेशन कमिटी', म्हणजे पाणबुडी-शोधाचा अभ्यास करण्यासाठी पहिल्या महायुद्धात नेमलेली दोस्त राष्ट्रांची समिती.

उत्तर अगदी चपखल. अक्षरन् अक्षर जुळते. अडचण एवढीच की अशी समिती कधी नव्हतीच. विलेम हॅकमन या इतिहासकाराने नौदलाची जुनी दप्तरे तपासली. त्यांत या नावाच्या समितीचा मागमूस लागला नाही. शब्दाचे खरे मूळ बहुधा 'अँटी-सबमरीन डिव्हिजन' या विभागाच्या आद्याक्षरांत आहे. त्यांना भौतिकीच्या शाखांच्या इंग्रजी नावांसारखा शेवट जोडला गेला. तोवर ती काल्पनिक समिती कितीतरी पुस्तकांत जाऊन बसली होती आणि अजूनही अधूनमधून भेटते. कुठल्याशा कचेरीत एका कारकुनाने किंवा अधिकाऱ्याने वेळ मारून नेली आणि पिढ्यान्पिढ्या मुलांनी ते घोकले. एखाद्या परीक्षेत या बनावट समितीला पूर्ण गुण मिळालेही असतील. माझ्याच फेरीत तो प्रश्न असता तर मीही दिले असते.

रडारचेही असेच. हा शब्द अमेरिकी नौदलाने १९४० साली स्वीकारला. त्याआधी ब्रिटिश त्याला 'आर.डी.एफ.' म्हणत. यातल्या 'डी.एफ.' या जोडीचा अर्थ रेडिओ क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक होता : 'डिरेक्शन फाइंडिंग', म्हणजे रेडिओ लहरी कोणत्या दिशेने येतात ते शोधणे. ती जुनी, सर्वांच्या परिचयाची युक्ती होती. ऐकणाऱ्याने 'अच्छा, तेच का' म्हणून दुर्लक्ष करावे, हाच त्या नावाचा हेतू.

हीच कला छुप्या कारवायांच्या जगात पुढच्या थराला गेली. १९४० च्या जुलैमध्ये ब्रिटनने शत्रूच्या ताब्यातील प्रदेशांत घातपात घडवण्यासाठी 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' ही संघटना काढली. एस.ओ.ई. या नावाने ती आज ओळखली जाते, पण तेव्हा हे नाव उच्चारायचे नव्हते. तिचे मुख्य कार्यालय लंडनच्या बेकर स्ट्रीटवर, म्हणजे शेरलॉक होम्सच्या रस्त्यावरच होते. दारावर नाव होते 'इंटर-सर्व्हिसेस रिसर्च ब्यूरो'. पूल उडवणाऱ्या आणि रेल्वे रुळांवरून घसरवणाऱ्या लोकांनी बुरख्यासाठी 'संशोधन' हा शब्द निवडावा, याचे संशोधक म्हणून मला हसूही येते आणि थोडे वाईटही वाटते. आमच्या धंद्याइतके निरुपद्रवी आणि कंटाळवाणे दुसरे काही त्यांना सुचले नसावे! अर्थात त्यांच्याकडे खरे संशोधनही चाले. वेल्विन गावाजवळच्या त्यांच्या केंद्रात बिनआवाजाचे पिस्तूल, घडीची मोटारसायकल आणि एकट्याने चालवायची पाणबुडी तयार झाली. त्यांची नावे वेलरॉड, वेलबाइक आणि वेलमन. गुप्तता एवढी पाळली, आणि गावाचे नाव मात्र प्रत्येक वस्तूवर डकवून टाकले.

या सगळ्या नामकरणात एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो : डड्ली क्लार्क. जोहान्सबर्गला जन्मलेला हा ब्रिटिश अधिकारी १९४० च्या जूनमध्ये, डंकर्कच्या माघारीनंतर, सरसेनापती जनरल डिल यांच्या हाताखाली होता. समुद्रापलीकडे छोट्या तुकड्यांनी अचानक छापे घालावेत, ही कल्पना त्याने मांडली. नाव सुचले बालपणाच्या भूमीतून. दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी ब्रिटिशांशी लढताना आपल्या घोडेस्वार तुकड्यांना 'कमांडो' म्हणत. काल ज्यांनी आपल्याला छळले, त्यांचेच नाव ब्रिटिशांनी आज उचलले. लष्करी कचेरीला हा शब्द फारसा रुचला नाही. तिने कागदोपत्री 'स्पेशल सर्व्हिस' असे नाव चालवले. त्याची आद्याक्षरे एस.एस. झाली, आणि हिटलरच्या कुप्रसिद्ध दलाचीही तीच. शेवटी १९४४ च्या अखेरीस ते नाव सोडून द्यावे लागले.

क्लार्कची दुसरी करामत कैरोमधली. १९४१ च्या सुरुवातीला त्याने शत्रूला चकवण्यासाठी एक संपूर्ण ब्रिगेड कागदावर जन्माला घातली : 'फर्स्ट स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड'. हवाई छत्रीधारी सैनिकांचे मोठे दल मध्यपूर्वेत आले आहे, असे इटालियनांना वाटावे, हा उद्देश. प्रत्यक्षात त्या ब्रिगेडमध्ये शिपाईही नव्हता. त्याच जुलैमध्ये डेव्हिड स्टर्लिंग नावाच्या तरुण अधिकाऱ्याला पासष्टेक माणसांची खरीखुरी तुकडी काढायची परवानगी मिळाली. क्लार्कने त्याला आनंदाने मदत केली, मात्र तुकडीला त्याच्या काल्पनिक ब्रिगेडचे नाव लावायचे या अटीवर. म्हणून ती झाली 'एल डिटॅचमेंट, स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेड'. 'एल'च्या आधी 'ए' ते 'के' तुकड्या असणारच, असा तर्क शत्रूने करावा! जगभरच्या कमांडो दलांनी पुढे ज्या एस.ए.एस.चा कित्ता गिरवला, तिचे नाव असे एका थापेतून आले. हीच युक्ती अमेरिकेत १९८० साली पुन्हा दिसते. 'सी, एअर, लँड' या तीन शब्दांवरून नाव घेतलेल्या सील दलाच्या तेव्हा दोनच तुकड्या होत्या. नव्या तुकडीला क्रमांक दिला सहा.

पण थाप मारणाऱ्याला बुद्धिमान श्रोता भेटला तर? १९४० च्या उन्हाळ्यात आर. व्ही. जोन्स हा २८ वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ ब्रिटिश हवाई दलासाठी जर्मन यंत्रांचा माग काढत होता. रात्री बॉम्बफेकी विमानांना लक्ष्यापर्यंत नेण्यासाठी जर्मन रेडिओ शलाका वापरतात, हे त्याने शोधून काढले होते. पकडलेल्या एका संदेशात 'वोटान' असे नवे नाव आले. जोन्सने जर्मन भाषेचे प्राध्यापक फ्रेडरिक नॉर्मन यांना टेलिफोन केला. वोटान हा जर्मन पुराणातला देवांचा राजा, असे सांगून नॉर्मन क्षणभर थांबले. मग म्हणाले, त्याला एकच डोळा होता. एक डोळा, म्हणजे एकच शलाका! दोन शलाका जिथे छेदतात ते लक्ष्य, अशी आधीची पद्धत; इथे बहुधा एकाच शलाकेवर विमानाचे अंतर मोजत असावेत. अशा पद्धतीचे वर्णन वर्षभरापूर्वी एका निनावी अहवालात आलेलेही होते.

आपल्याकडे कोणी गुप्त यंत्राला 'शुक्राचार्य' नाव दिले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झारी आणि फुटका डोळा आल्याशिवाय राहील काय? तसेच हे. एकाच शलाकेवर चालणारी अशी यंत्रणा पुढे खरोखरच सापडली. पण शिक्षकांनी या गोष्टीचा उरलेला भागही मुलांना सांगावा. 'वोटान' हे नाव दोन यंत्रणांना होते. दुसरी एका शलाकेची होती; पहिलीत मात्र अनेक शलाका होत्या. म्हणजे नावावरून काढलेला तर्क पाया म्हणून कच्चा होता; निष्कर्ष बरोबर निघाला यात नशिबाचा वाटा होता. जोन्सने आपल्या १९७८ सालच्या आठवणींत हे लपवलेले नाही.

'फ्राया' या दुसऱ्या नावाबाबतही त्याने असेच पुराण उघडले. फ्राया देवीच्या हाराशी ज्याचे नाव जोडलेले आहे, तो देवांचा पहारेकरी हाइमडाल दिवसा-रात्री शंभर मैलांवरचे पाहू शकतो. एका अर्थी त्यांचा संजय. तर मग फ्राया हे रडार असणार. तेही खरे ठरले. पण या वेळी तो नावावर थांबला नाही. विमानातून घेतलेली छायाचित्रे, पकडलेले संकेत, लहरींची लांबी, सगळे जुळवत गेला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रूनव्हाल येथे सापडलेल्या दुसऱ्या, छोट्या जर्मन रडारचे भाग पळवून आणण्यासाठी १९४२ च्या २७-२८ फेब्रुवारीच्या रात्री मेजर जॉन फ्रॉस्टची तुकडी हवाई छत्र्यांनी उतरली. तिच्याबरोबर कॉक्स नावाचा रडार मेकॅनिक होता. युद्धाआधी तो सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवत असे. गोळीबार चालू असताना त्याने पाने-पकडी चालवून यंत्र सुटे केले.

इथवरची कथा हुशारीची आहे. पण याच शब्दांचा हिशेब माणसांच्या प्राणांतही झाला. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी हिटलरने एक गुप्त आदेश काढला. कमांडो कारवाईत सापडलेला कोणीही, गणवेशात असो वा नसो, सशस्त्र असो वा निःशस्त्र, शरण आला तरी ठार करावा. कैद्यांविषयीचे आंतरराष्ट्रीय संकेत सैनिकाला लागू होते. 'कमांडो' म्हटले की माणूस सैनिक उरत नव्हता. तेव्हापासून 'हा कोण?' या प्रश्नाच्या उत्तरात एक शब्द येतो की नाही, यावर जीव अवलंबून राहिला.

त्याच डिसेंबरात फ्रान्समधल्या बोर्दो बंदरात उभ्या असलेल्या जहाजांना सुरुंग चिकटवण्यासाठी दहा ब्रिटिश नौसैनिक पाच छोट्या होड्यांतून निघाले. वल्ही मारत, दिवसा लपत, रात्री जात. त्यांच्या पथकाचे नाव होते 'रॉयल मरीन्स बूम पेट्रोल डिटॅचमेंट'. 'बूम' म्हणजे बंदराच्या तोंडाशी घातलेला अडसर. नाव वाचून वाटावे, ही मंडळी आपल्याच बंदराची राखण करतात. दोनच होड्या लक्ष्यापर्यंत पोचल्या. जहाजांचे नुकसान झाले. दहांपैकी दोघे थंडीने गारठून मेले, दोघे महिनोन्महिने पायपीट करून सुटले. उरलेले सहा पकडले गेले आणि त्यांना त्या आदेशाप्रमाणे मारण्यात आले. ते गणवेशात होते.

त्याआधी महिनाभर, नॉर्वेतला जड पाण्याचा कारखाना उडवायला ग्लायडरमधून निघालेल्या इंजिनिअर सैनिकांचेही असेच झाले. ग्लायडर कोसळले, वाचलेल्यांना मारण्यात आले. अणुबाँबच्या इतिहासात या कारखान्यावर पुढे यशस्वी झालेल्या नॉर्वेजियन तुकडीची कथा नेहमी येते. त्या आधीच्या प्रयत्नाचे सांकेतिक नाव 'फ्रेशमन', म्हणजे कॉलेजात नुकताच दाखल झालेला विद्यार्थी, होते. इटलीत १९४४ च्या मार्चमध्ये ओ.एस.एस.च्या पंधरा गणवेशधारी अमेरिकी सैनिकांना गोळ्या घालायला लावणाऱ्या जनरल डॉस्टलरवर युद्धानंतर खटला झाला. आपण वरचा आदेश पाळला, हा त्याचा बचाव मान्य झाला नाही. १ डिसेंबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

या जगाचा एक धागा आपल्याही दारावरून गेला आहे. एस.ओ.ई.ची भारतातली शाखा आधी 'इंडिया मिशन' होती. मग तिला 'जी.एस.आय.(के)' असे नाव मिळाले आणि १९४४ च्या मार्चपासून ती झाली 'फोर्स १३६'. यात विस्तार करण्यासारखे काही उरलेच नाही, नुसता आकडा. याच शाखेने ९ मार्च १९४३ च्या रात्री पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर छापा घातला. पोर्तुगाल तटस्थ होता. खऱ्या सैनिकांना तिथे पाठवणे म्हणजे आंतरराष्ट्रीय लफडे. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले, चाळिशी-पन्नाशीचे व्यापारी आणि कारकून पेशाचे गोरे निवडले आणि त्यांच्यासाठी 'फीबी' नावाची एक जुनाट बार्ज श्रीलंकेला वळसा घालून आणली. जर्मनांनी स्वतःच जहाज बुडवले. शेजारची जहाजेही त्यांच्या खलाशांनी बुडवली. कप्तान मारला गेला. आज बहुतेक ठिकाणी या कारवाईला 'ऑपरेशन क्रीक' म्हणतात. 'लाँगशँक्स' असेही नाव आढळते. १९७८ साली पुस्तक निघेपर्यंत तिचा फारसा बोभाटा झाला नव्हता. १९८० साली सिनेमा आला, तो गोव्यातच चित्रित झाला.

ज्या खडकवासल्याला आज राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, त्या परिसरात याच संघटनेचे प्रशिक्षण केंद्र होते. मलायात जपान्यांच्या पाठीमागे उतरवायची माणसे तिथे तयार होत. त्यांच्यात सिंगापूरचा एक चिनी व्यापारी होता, लिम बो सेंग. त्याने आपले नाव बदलून 'तान चून लिम' घेतले होते, घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये तो पाणबुडीने मलायाच्या किनाऱ्याला लागला. चार-पाच महिन्यांत जाळे फुटले आणि तो जपान्यांच्या हाती पडला. छळ सोसूनही त्याने कोणाचे नाव सांगितले नाही. २९ जून १९४४ रोजी बातू गाजाच्या तुरुंगात तो मरण पावला. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या जानेवारीत, त्याचे अवशेष सिंगापूरला नेले आणि मॅकरिची जलाशयाकाठी पुरले. तेव्हा त्याचे खरे नाव सर्वांदेखत घेता आले.